शत्रुत्व पत्करलेल्या सरकारशी वागताना कोणते दोर कापावेत आणि कोणते राखावेत?

आश्रमशाळा_डहाणू

नमस्कार. मी डहाणू तालुक्यातील एका आश्रमशाळेत अठरा वर्षे शिकवत आहे. आमच्या पाड्यांवरचे बरेच पुरुष पाऊस ओसरला की मालकाकडून उचल घेतात, ओखा, पोरबंदर, मांगरोळ किंवा वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि होळीला किंवा थेट मे महिन्यात परततात. आमच्या नववीतल्या एका मुलीचे वडील ज्या बोटीवर होते, ती बोट तीन वर्षांपूर्वी पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाने पकडून कराचीला नेली. तेव्हापासून ते तिथल्या मलीर तुरुंगात आहेत.

एवढ्या काळात त्यांचे एकच पत्र आले. त्यांना लिहिता येत नाही, म्हणून बरोबरच्या एका गुजराती खलाशाने ते गुजराती लिपीत लिहिले होते आणि खाली यांचा अंगठा होता. मुलीने ते माझ्याकडे आणले, मी ते बाजारातल्या एका गुजराती दुकानदाराकडे नेले आणि त्यांनी वाचून दाखवले. बैल विकू नका, उचलीचे किती पैसे फिटले ते मालकाला विचारा, पोरीची शाळा सोडवू नका, एवढाच मजकूर होता. तुरुंगाविषयी त्यात एक अक्षरही नव्हते.

आता प्रश्न. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ जणांना मारण्यात आले आणि त्यांतले सहा आपल्या महाराष्ट्राचे होते. त्यानंतर सरकारने सिंधू जलकरार स्थगित केला, अटारीची सीमा बंद केली आणि दोन्ही उच्चायुक्तालयांतील माणसे ५५ वरून ३० वर आणण्याचा निर्णय घेतला. या कठोरपणाला माझा पाठिंबा आहे आणि तो मी लपवणार नाही. पण सुटलेले मच्छीमार ज्या वाटेने घरी येतात, ती वाट अटारीचीच आहे. पहलगामच्या दोन महिने आधी २२ मच्छीमार त्याच वाटेने सुटून आले आणि त्यांत या मुलीचे वडील नव्हते. पुढे मे महिन्यात चार दिवस प्रत्यक्ष लढाई झाली. तरीही १ जुलैला दोन्ही देशांनी एकमेकांना कैद्यांच्या याद्या दिल्या. पाकिस्तानने ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार आपल्या ताब्यात असल्याचे मान्य केले, तर आपण ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमारांची नावे दिली.

ज्या सरकारशी आपण बोलणे थांबवले आहे, त्याच्याशी अशी देवाणघेवाण चालू ठेवणे हा दुबळेपणा आहे का? आणि नसेल, तर कोणता दोर कापायचा आणि कोणता राखायचा हे ठरवायचे कसे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

अभ्यासक_पुणे

गुरुजी, आपल्या प्रश्नात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत असे मला वाटते. सरकारशी संबंध ठेवणे ही एक गोष्ट आहे आणि सरकारशी कामापुरता संपर्क ठेवणे ही दुसरी. व्यापार, भेटीगाठी, क्रिकेट, शिखर परिषदा हे संबंध झाले. ते तोडून नाराजी दाखवता येते आणि प्रसंगी दाखवलीही पाहिजे. संपर्क मात्र शत्रूशीच अधिक लागतो, कारण मित्राशी गैरसमज झाला तर भांडण होते आणि शत्रूशी झाला तर माणसे मरतात.

याचा पुरावा २०२५ चाच आहे. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी कारवाई महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन केला आणि संध्याकाळी ५ वाजल्यापासून गोळीबार थांबवण्याचे ठरले. ही फोनची सोय १९७१ च्या युद्धानंतरची आहे. ती सोय सद्भावनेपोटी ठेवलेली नाही, गरज म्हणून ठेवली आहे. त्याच जातीचा दुसरा व्यवहार म्हणजे अणुप्रकल्पांच्या याद्या. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही असा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी झाला आणि १ जानेवारी १९९२ पासून दर वर्षी त्या दिवशी दोन्ही देश याद्या देतात. २००२ च्या जानेवारीत, संसदेवरील हल्ल्यानंतर दोन्ही सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असतानाही, तो दिवस चुकला नाही.

आपण ज्या याद्यांविषयी लिहिले आहे, त्या २१ मे २००८ च्या करारातल्या आहेत. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै या दोन दिवशी याद्या द्यायच्या, अटक झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत कैद्याला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचे, आणि शिक्षा पूर्ण होऊन राष्ट्रीयत्वाची खात्री पटली की एका महिन्याच्या आत त्याला परत पाठवायचे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्यातली शेवटची अट पाळली जात नाही, हे दुखणे आहे. शिक्षा पूर्ण झालेल्या १५९ जणांना सोडावे, अशी मागणी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने १ जुलैलाही केली आहे. याच मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१४ पासून जुलै २०२५ पर्यंत २,६६१ मच्छीमार पाकिस्तानातून परत आले. म्हणजे हा दोर जुना आणि विरलेला असला, तरी त्याला धरून माणसे वर आली आहेत.

एका प्रकरणाचा उल्लेख येथे केला पाहिजे. कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानी लष्करी न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये मृत्युदंड सुनावला, तेव्हा त्यांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची एकदाही भेट होऊ दिलेली नव्हती. आपण हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलो. तिथे पाकिस्तानचा एक युक्तिवाद २००८ च्या याच करारावर आधारलेला होता. राजकीय किंवा सुरक्षेच्या कारणासाठी अटक झाली असेल, तर दोन्ही बाजू प्रकरण गुणवत्तेवर तपासू शकतात, असे एक कलम त्यात आहे, आणि त्या कलमामुळे अधिकाऱ्यांची भेट नाकारता येते असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले आणि १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी, परदेशात अटक झालेल्यांना आपल्या देशाच्या अधिकाऱ्यांची भेट मिळण्याविषयीच्या व्हिएन्ना कराराचा भंग झाल्याचा निर्णय दिला. जाधव सुटले नाहीत, पण फाशी थांबली. दोन्ही सरकारे एकमेकांशी बोलत नसतानाही हे घडले, कारण दोघांनी पूर्वी कागदावर सह्या करून ठेवल्या होत्या. म्हणून बरे दिवस असतात तेव्हाच असे करार करून ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे.

आज मला सर्वांत जास्त खटकते ते निवृत्त न्यायाधीशांच्या समितीचे बंद पडणे. दोन्ही देशांचे प्रत्येकी चार निवृत्त न्यायाधीश एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत असत, कोण आजारी आहे आणि कोणाची शिक्षा संपली आहे ते पाहत असत. तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. मंत्र्यांची बोलणी नकोत, हे मला मान्य आहे. या आठ न्यायाधीशांना मात्र कोणत्याही तणावात जाऊ दिले पाहिजे.

माजी_सैनिक_सातारा

आपल्या दोघांचेही लिखाण मी काळजीपूर्वक वाचले. गुरुजींच्या विद्यार्थिनीचे दुःख मी हलके मानत नाही. तरीही सीमेवर अनेक वर्षे काढलेला माणूस म्हणून मला काही निराळे सांगायचे आहे.

एका महिन्यात सोडायचे असे कागदावर लिहिलेले असताना १५९ माणसे अडकून पडतात, याचा अर्थ समोरच्याने त्या माणसांना हुकमाचे पत्ते केले आहे. कधी वीस सोडायचे, कधी शंभर सोडायचे आणि प्रत्येक वेळी जगाला सद्भावना म्हणून दाखवायचे. जो दोर एकाच बाजूने हवा तेव्हा ओढता येतो, तो आपल्याच गळ्यात पडतो. आपण त्या वेळापत्रकाला बांधून राहिलो, तर प्रत्येक कठोर निर्णयापूर्वी आपल्याला या माणसांचा विचार करावा लागेल आणि शत्रूला नेमके तेच हवे असते.

माणसे परत येतात ती दबावामुळे. कारगिलच्या वेळी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांना २७ मे १९९९ रोजी पकडले आणि ३ जूनला रेड क्रॉसच्या हवाली केले. २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन वर्धमान दोन दिवसांत परतले. त्या वेळी कोणतीही बोलणी चालू नव्हती. या माणसाला धक्का लागला तर काय होईल, हे समोरच्याला पक्के ठाऊक होते. खलाशाच्या मागेही राष्ट्र तितक्याच ताकदीने उभे आहे असे दिसले, तर त्यालाही तीन वर्षे डांबून ठेवण्याची कोणाची हिंमत होणार नाही. आपल्या ताब्यातही त्यांचे ८१ मच्छीमार आहेत, हे विसरू नये.

पेडण्याचे_आजोबा

माझे वय ७८ आहे, त्यामुळे लिहायला वेळ लागतो आणि लांबतेही. क्षमा असावी.

शत्रुत्व घेतलेल्या परक्या सरकारच्या राज्यात मी जन्मलो आणि वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत तिथेच वाढलो. गोव्यातले पेडणे तेव्हा पोर्तुगालचे होते आणि माझे वडील मुंबईला गिरणीत होते. भारताने १९५० मध्ये पोर्तुगालला रीतसर बोलणी करण्याचे सुचवले, ते लिस्बनने मानले नाही. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधला आपला दूतावास बंद केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही हद्दीत शिरले. हद्दीवरची पत्रादेवी आमच्या घरापासून फार दूर नाही. त्या दिवशी ठिकठिकाणच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसे पडली. त्यानंतर भारताने पणजीतली वकिलात बंद केली, रेल्वे थांबवली आणि आर्थिक नाकेबंदी केली.

नाकेबंदीचे कारण योग्य होते, ती करणाऱ्यांविषयी माझ्या मनात आदर आहे आणि १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैनिक पाहून आमच्या घरी सगळे रडले होते, हे आधी सांगतो. पण त्या सहा वर्षांत दाब कोणावर पडला ते मी पाहिले आहे. वडिलांची मनिऑर्डर बंद झाली. आजी वारली तेव्हा परवाना वेळेत न मिळाल्यामुळे ते येऊ शकले नाहीत आणि तिचे दिवस चुलत्यांनी केले. आईने त्यांना कळवण्यासाठी लिहिलेले पत्र कोणाच्या तरी हाती सातार्ड्याच्या बाजूने पाठवले आणि ते मुंबईला पोचेपर्यंत तेरावा होऊन गेला होता. मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, राहणाऱ्या शेकडो गोवेकरांची हीच कथा होती.

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे मात्र काही अडले नाही. दुकानात हॉलंडचे बटाटे आले, सिलोनचा चहा आला, जपानचे सिमेंट आले आणि तांदूळ पाकिस्तानातून येऊ लागला. याच काळात खनिज लोखंडाच्या खाणी जोरात चालल्या आणि माल जपानला आणि पश्चिम जर्मनीला जाऊ लागला. ज्या राज्यकर्त्याला प्रजेपुढे कधी उभेच राहायचे नसते, त्याला प्रजेच्या हालांनी नमवता येत नाही. एखाद्या सरकारला कोंडीत पकडायचे असेल, तर त्या सरकारात निर्णय कोण घेतो आणि त्या माणसाला नेमके काय टोचते, हे आधी शोधावे. नाहीतर टोचणी आमच्यासारख्यांना लागते.

आता सैनिकसाहेबांच्या ८१ मच्छीमारांविषयी. हातात पत्ते असणे आणि ते वेळेवर वापरता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे यांच्या प्रकरणात दिसले. रानडे मूळचे सांगलीचे, सावई वेरे येथे मराठी शाळेत शिकवणारे. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. आधी आग्वादला आणि नंतर पोर्तुगालमधील काशियसच्या किल्ल्यात त्यांना ठेवले. गोवा मुक्त झाला तेव्हा भारताच्या ताब्यात तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी होते. मोझांबिकमधल्या भारतीयांना पोर्तुगालने स्थानबद्ध केलेले असल्यामुळे देवाणघेवाणीची गरज दोन्हीकडे होती. मे १९६२ पर्यंत आपण ते युद्धकैदी परत पाठवले. रानडे मात्र तिथेच राहिले.

सर्व पत्ते देऊन झाले होते आणि लिस्बनमध्ये आपले कोणी उरले नव्हते. पुढे सुधीर फडके यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे प्रयत्न केले, तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपकडे शब्द टाकला आणि जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात गेले, ती मुक्त होऊन तोवर सात वर्षे झाली होती. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, लिस्बनमधली हुकूमशाही कोसळल्यानंतर.

म्हणून मला विचाराल तर सांगेन की संबंध तोडा, फौज पाठवायची वेळ आली तर पाठवा, पण तिथे अडकलेल्या आपल्या एकेका माणसाचे नाव लिहिलेली यादी कोणाच्या तरी हातात राहील अशी तजवीज आधी करा. १९५५ नंतर गोव्यातील भारतीयांच्या हिताकडे पाहण्याचे काम इजिप्तकडे होते आणि पोर्तुगालच्या वतीने आपल्याकडे ब्राझील पाहत असे. तिसऱ्या देशाच्या हातून चालणारा तो दोर बारीक होता, पण नाना गोरे, मधु लिमये यांच्यासारखे सत्याग्रही १९५७ मध्ये बाहेर आले ते अशाच अबोल्याच्या काळात.

माजी_सैनिक_सातारा

आजोबा, रानडे यांच्याविषयी आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ थांबलो. युद्धकैदी परत देताना आपला एकही माणूस मागे राहू नये, हा प्रत्येक सैनिकाचा आग्रह असतो आणि तो पाळला गेला नाही याची मला लाज वाटते. मात्र माझा मुद्दा त्यामुळे पक्काच होतो. पत्ते हातचे सोडू नयेत.

याद्या आणि आजारी कैद्यांची भेट चालू ठेवण्यास माझा विरोध नाही, हे स्पष्ट करतो. न्यायाधीशांची समितीही जाऊ द्यावी. त्यापलीकडची वाट उघडण्यापूर्वी त्यांनी आधी १५९ माणसे सोडावीत, यावर मी ठाम आहे.

अभ्यासक_पुणे

सैनिकसाहेब, आपल्यातले अंतर आता थोडेच राहिले आहे. फक्त ८१ मच्छीमारांना पत्ते म्हणण्याबाबत मला अडचण आहे. तेही सिंध किनाऱ्यावरचे गरीब खलाशीच आहेत. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीक खाडीचा वाद मिटलेला नाही आणि तिथून पुढे समुद्रात दोन्ही देशांनी मान्य केलेली सीमारेषा नाही. त्यामुळे दोन्हीकडची माणसे एकाच चुकीसाठी पकडली जातात. शिवाय नचिकेता आणि अभिनंदन हे गणवेशातले अधिकारी होते आणि सगळ्या जगाचे डोळे त्यांच्यावर होते. खलाशाला पाड्याबाहेर कोणी ओळखत नाही. तिथे दबाव चालत नाही, कागदच चालतो. त्यामुळे कागद तरी चोख हवा.

यावरून गुरुजींना एक विचारायचे आहे. करारातला तो एक महिना राष्ट्रीयत्वाची खात्री झाल्यावरच सुरू होतो आणि ती खात्री आपल्या बाजूने व्हायची असते. या गृहस्थांची पडताळणी पूर्ण झाली आहे का?

आश्रमशाळा_डहाणू

आपला प्रश्न वाचल्यावर मी काल मुलीच्या घरी जाऊन सगळे कागद पाहिले आणि आज एका कार्यालयात चौकशी केली. पडताळणीचा कागद वर्षभरापूर्वी येऊन गेला होता आणि ‘या नावाचा इसम आढळला नाही’ असा शेरा मारून तो परत पाठवण्यात आला होता. झाले असे की रेशनकार्डावर त्यांचे नाव एक आहे, आधारवर वडिलांचे नाव गाळलेले आहे आणि कराचीहून आलेल्या यादीत उर्दूतून इंग्रजीत येताना आडनावाचेच अक्षर बदलले आहे. गावाच्या नावाऐवजी मालकाच्या बंदराचे नाव पत्ता म्हणून लागले आहे. पाड्यावर येऊन कोणी एकदा विचारले असते, तरी सर्वांनी हात करून घर दाखवले असते.

मला या गोष्टीचा फार त्रास होत आहे. इतके दिवस मी त्या सरकारला दोष देत होतो आणि तो दोष आहेच, पण त्यांनी दिलेले नाव आपल्या बाजूला ओळखले गेले नाही, हेही तितकेच खरे आहे. आजोबांनी ज्या यादीविषयी लिहिले, ती यादी आपल्याकडे होती आणि तरीही माणूस त्यात सापडला नाही.

सरपंचांचा दाखला, मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी ठेवलेल्या नोंदवहीतील वडिलांचे पूर्ण नाव, बोटमालकाकडील खलाशांची यादी आणि अंगठ्याचे ते पत्र, असे चार कागद जोडून मी सोमवारी पुन्हा अर्ज देत आहे. परराष्ट्र मंत्रालयाकडे याची प्रत थेट पाठवता येते का आणि ती कोणत्या विभागाच्या नावे पाठवावी, हे कोणास माहीत असल्यास कृपया कळवावे.

अभ्यासक_पुणे

थेट पाठवता येते. मंत्रालयात पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि इराण यांचे काम पाहणारा विभाग आहे, त्याच्या नावे पाठवा आणि त्याची प्रत इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयाला द्या, कारण कैद्याला प्रत्यक्ष भेटतात ते तिथलेच अधिकारी. त्यांची माणसे आता कमी झाली असली, तरी हे काम चालू आहे. अर्जात कराचीच्या यादीतले नाव जसे छापले आहे तसेच आधी लिहा आणि त्यापुढे खरे नाव लिहा, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही जुळवता येतील. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी रात्रीच पाहून देईन.

पेडण्याचे_आजोबा

गुरुजी, त्या मुलीकडून वडिलांना एक पत्रही लिहून घ्या आणि अर्जासोबत जोडा. ते गुजरातीतच लिहून घ्या, म्हणजे तिथे वाचून दाखवणारा माणूस त्यांना शोधावा लागणार नाही. बैल विकलेला नाही, हे त्यात आधी लिहा.